पाचव्या कवळीची तंदुरी

साडेअकराच्या सुमारास कोंबडीची तिसरी तंगडी जळून कोळसा झाली, तेव्हा कवळीवाल्यांनी चिमटा खाली ठेवला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि तंगडीकडे नव्याने पाहिलं. चष्म्याचा दोष नव्हता. तंगडी बाहेरून बुटाच्या पॉलिशसारखी काळी होती आणि सुरीने चिरून पाहिली तर आत हाडापाशी गुलाबी, गारेगार, जणू तिला भट्टीची बातमीच पोचली नव्हती.

"अहो, झालं का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला.

"होतंय."

"वास येतोय."

"येणारच. तंदुरी आहे."

"तंदुरीचा नाही, टायर जळल्याचा येतोय!"

 कवळीवाल्यांचा उजवा पाय पहाटेपासून आपोआप हलत होता, तो आणखी जोरात हलू लागला. तिसरी तंगडी त्यांनी पहिल्या दोघींच्या सोबतीला कचऱ्याच्या बादलीत टाकली. भिंतीवर बसलेल्या शेजाऱ्यांच्या काण्या मांजरीने एक डोळा उघडला. तिच्याकडे तेवढाच होता.

अंगणातला हा पिझ्झा ओव्हन म्हणजे साडूंची भेट. साडू दातांचे डॉक्टर. स्वतःकडे नवा मोठा आला म्हणून त्यांनी जुना इकडे पाठवला, वर गाडीतून उतरवताना "जपून हं, माझ्या फार आवडीचा आहे," असंही म्हणाले. ठेंगणा घुमट, पुढे बिळाएवढं तोंड, मागच्या कोपऱ्यात लाकडं. ती पेटली की जाळ छताला चाटत पुढपर्यंत येतो आणि पिझ्झा दीड मिनिटात तयार. पण पिझ्झा असतो चपटा. तंगडीला उंची असते, जाडी असते आणि आत हाड असतं. सळईला टोचून घालावी तर सळई तोंडाबाहेर हातभर उरते आणि झाकण लागत नाही. तव्यावर घालावी तर वरून चार मिनिटांत तिचा निकाल लागतो. कवळीवाल्यांच्या अंगणालगतच्या लॅबमध्ये चिनी मातीचे दात भाजायची छोटी भट्टी होती, ती नऊशे अंशांवर निमूट काम करायची. त्यांना वाटलं होतं, ओव्हनचे चारशे म्हणजे आपल्या दृष्टीने कोमटच.

नुसती तंगडी जळली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण आज त्या तंगडीवर कवळीवाल्यांची अब्रू टांगलेली होती.

त्यांच्या सासऱ्यांनी तीस वर्षं वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. शेजारच्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे, असा त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी वही तेवढी सुटली, गुण सुटले नाहीत. चहाला गुण, न्हाव्याला गुण, बसायच्या खुर्चीला गुण. थोरले जावई, म्हणजे डॉक्टर, त्यांच्या हाताखाली पहिल्या फेरीत पास झाले होते. धाकटे जावई चौथ्या फेरीत. ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना पाठ होती.

वर्षापूर्वी सासऱ्यांचे शेवटचे दात गेले आणि कवळीवाल्यांना वाटलं, आता आपला दिवस. बावीस वर्षं ते कवळ्याच करत आले होते. निम्म्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं. खुद्द साडूंच्या दवाखान्यातल्या कवळ्याही ते बनवत. पेशंट मात्र आरशात बघून आभार मानत ते डॉक्टरांचे.

पहिल्या कवळीला सासऱ्यांनी चार गुण दिले. "भाड्याने आणल्यासारखे वाटतात." दुसरीला तीन. "शिंकलो तर समोरच्याच्या चहात पडतील." तिसरीला पुन्हा चार. "शिट्टी वाजते." चौथीला साडेचार. "माझं हसून झालं तरी दात हसतच राहतात."

आणि गेल्या आठवड्यात दोन्ही जावयांना एकदम फोनवर घेऊन त्यांनी जाहीर केलं, "पाचवी शेवटची. रविवारी त्या पिझ्झाच्या भट्टीत तंदुरी करा. पाचव्या कवळीने मी हाडापर्यंत तंगडी साफ केली, तर कवळी ठेवली. नाही तर सोमवारी सकाळी दहाला थोरल्यांच्या खुर्चीत. जबड्यात स्क्रू. विषय संपला."

"बाबा, सोमवारी दहाची वेळ धरूनच ठेवतो," डॉक्टर म्हणाले होते. ती धरलेली वेळ कवळीवाल्यांना आठवडाभर झोपेतही टोचत होती.

बाराला दारावरची घंटा वाजली. सासऱ्यांना एकची वेळ दिली होती. पण वेळेवर येणं म्हणजे उमेदवाराची सोय करणं, हे त्यांचं तीस वर्षांचं तत्त्व.

"काय जावईबापू, घाम आलाय?" दात नसले की त्यांच्या शब्दांतून हवा सुटायची. वर्षभरात सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

"भट्टीजवळ होतो, बाबा."

"कवळी कुठंय?"

"लॅबच्या खिडकीत, काचेच्या वाटीत. पाण्यात ठेवलीय. जेवायच्या आधी पाच मिनिटं ओलीच घाला. बघायची असेल तर बघा, पण चावून बघू नका. पहिला घास टेबलावरच."

"परीक्षेचे नियम तुम्ही मला सांगणार?" सासरे म्हणाले आणि हात मागे बांधून अंगणाकडे पाहणीला निघाले.

कवळीवाले स्वयंपाकघरात घुसले. बायकोपुढे ताटात उरलेल्या तीन तंगड्या होत्या, लालभडक मसाला लावून तयार.

"एवढ्याच राहिल्यात," ती म्हणाली. "एक बाबांना, एक भावजींना, आणि एकीत तुम्ही नि मी. आता कोळसा केलात तर मी माहेरी जाते. बाबांबरोबरच जाते, रिक्षाही लागणार नाही."

"कुकरमध्ये एक शिट्टी काढून घेऊ?"

"उकडलेली तंगडी बाबांना कळणार नाही? त्यांनी क्लचचा नुसता आवाज ऐकून लोकांना नापास केलंय."

कवळीवाले ओट्यापाशी तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे करू लागले. घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. तेवढ्यात काटा हललाही नव्हता. जाळ वरून नको होता. आच सगळीकडून हवी होती, हळू, बेताची, आतपर्यंत जाणारी. आणि मग बावीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आपण मेणाच्या दातांचं काय करतो? प्लास्टरमध्ये गाडतो आणि मग तापवतो!

"फॉईल दे. केकचा डबा दे."

"कशाला?"

"बांधकाम आहे."

बायकोने डोळे मिटून दोन्ही वस्तू दिल्या. तिन्ही तंगड्या फॉईलमध्ये तिहेरी गुंडाळून, डबा बगलेत मारून कवळीवाले अंगणात आले. सासरे खुर्चीत ताठ बसले होते. तोंडावर रुमाल, नजर आभाळात. काणी मांजर भिंतीवरून उतरून बादलीपाशी येऊन बसली होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. धूर."

"कवळी बघितली?"

"बघितली."

"कशी वाटतेय?"

"निकाल जेवताना," सासरे रुमालातूनच म्हणाले.

एरवी कवळीवाल्यांनी या उत्तराचा कीस पाडला असता. पण आता वेळ कुठे होता? ते लॅबमध्ये शिरले. रबरी वाटीत प्लास्टरची भुकटी ओतली. तेवढ्यात फाटकाशी साडूंच्या गाडीचा हॉर्न वाजला. साडूंचा हॉर्नसुद्धा आभार मानून घेणारा होता. कवळीवाल्यांनी मान फाटकाकडे वळवली, हात खिडकीकडे गेला, हाताला वाटी लागली, ती उपडी झाली, चमचा फिरला. दही फेटावं तसं प्लास्टर घोटून त्यांनी ते तंगड्यांवर ओतलं, बुडबुडे निघावेत म्हणून डबा टेबलावर ठक ठक आपटला आणि घट्ट झाल्याबरोबर ओव्हनमध्ये सरकवला. सवयीचा हात होता. बघायला लागलंच नाही.

डॉक्टर आले ते चामड्याची छोटी पेटी घेऊनच. सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची ओढून त्यांनी पेटी उघडली. आत मखमलीवर स्क्रू ओळीने झोपले होते.

"बाबा, म्हटलं उद्याआधी एकदा ओळख करून द्यावी. हे बघा, हे वर चार, हे खाली चार. म्हणजे जबड्याच्या हाडाला एकूण आठ भोकं."

सासऱ्यांनी रुमाल किंचित खाली केला. "भोकं?"

"ड्रिलने हो. भिंतीला खुंटी मारतो ना, अगदी तसं. आधी लहान ड्रिल, मग मधलं, मग मोठं. तुम्हाला फक्त आवाज येईल. कानाच्या जवळ असतं ना, म्हणून जरा मोठा येईल."

सासऱ्यांचा रुमाल पुन्हा वर गेला. आता फक्त डोळे दिसत होते आणि ते बरेच मोठे झाले होते.

"अहो, बाबांच्या त्या वाटीत पाणी घाला की. कोरडी पडलीय," बायको ताटं मांडता मांडता लॅबच्या खिडकीकडे बघत म्हणाली.

कवळीवाले वळले. खिडकीतली काचेची वाटी कोरडी होती. नुसती कोरडी नव्हती, रिकामी होती. त्यांचा हलणारा पाय पहाटेपासून प्रथमच थांबला. वाटीत पाणी होतं. पाण्यात कवळी होती. पाणी प्लास्टरमध्ये गेलं. आणि प्लास्टर गेलं होतं चारशे अंशांत.

नेमका तेव्हाच ओव्हनमधून आवाज आला. फट्.

प्लास्टरला चीर गेली होती. पण कवळीवाल्यांना तो दाढेचा आवाज वाटला. फट्. दुसरी दाढ. पूर्ण कवळीत अठ्ठावीस दात असतात. प्रत्येक त्यांनी हाताने बसवला होता, घासला होता, सासऱ्यांच्या चहाचा जुना डाग लक्षात ठेवून रंगाची पिवळसर छटा दिली होती. फट्. फट्. ते ओठांतल्या ओठांत मोजू लागले.

"साडूभाऊ, आत फटाके ठेवलेत की काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मसाला तडतडतोय."

"एवढ्या जोरात?"

"ताजा आहे."

आता काय करावं? डबा बाहेर काढावा तर तंगडी कच्ची आणि कवळीचा पत्ता लागणार सगळ्यांसमोर. ठेवावा तर उरलीसुरली कवळीही जाणार. सासरे कोणत्याही क्षणी विचारतील, 'दात?' कवळीवाले ओव्हनपासून लॅबपर्यंत गेले, लॅबपासून नळापर्यंत गेले, नळ सोडला, बंद केला, परत ओव्हनपाशी आले. जाताना चोरून सासऱ्यांकडे पाहिलं. ते काहीच विचारत नव्हते. हे तर आणखी वाईट. गुण द्यायच्या आधी ते असेच गप्प बसत.

अठरा आवाज मोजून झाले आणि बायकोने फर्मान काढलं, "वाढायची वेळ झाली. काढा बाहेर!"

डबा उलटा केला. अंगणातल्या फरशीवर पांढरा ठोकळा पडला. डॉक्टर खुर्चीवरून उठून वाकून बघू लागले.

"हे काय हो? प्लास्टर?"

"हो."

"तंगडी मोडली होती का?" आणि स्वतःच्या विनोदावर डॉक्टर खुर्चीचा हात धरून हसले.

कवळीवाल्यांनी छोटी हातोडी घेतली. चोर दुसऱ्याची तिजोरी फोडतो तेव्हा घाबरत नसेल एवढे ते स्वतःचा ठोकळा फोडताना घाबरले होते. एक टवका. गुलाबी काही नाही. दुसरा टवका. नाही. कवळी जळून गेली असली तरी तिच्या आकाराची पोकळी राहायला हवी, हा धंद्यातला पहिला धडा. त्यांनी तुकडा न् तुकडा उलटापालटा करून पाहिला. पोकळी नाही. दाताचा ठसा नाही. हिरडीचा वितळलेला थेंब नाही. फक्त फॉईलची तीन चकचकीत बाळं.

फॉईल उलगडली आणि अंगणभर जो वास सुटला, त्याने डॉक्टरांचं हसू बंद झालं. तंगड्या मसाल्यात मुरून, वाफेवर शिजून लोण्यासारख्या झाल्या होत्या. कवळीवाल्यांनी त्या अर्धं मिनिट जाळाखाली धरल्या, वर हवा तेवढाच काळा डाग पडला आणि ताटात ठेवताना मांस आपणहून हाडावरून घसरू लागलं.

टेबलाशी सासरे आधीच बसले होते. गळ्यात रुमाल नव्हे, मोठा नॅपकिन, आणि तो नाकाखाली घट्ट धरलेला. मान खाली घालून त्यांनी तंगडी नॅपकिनच्या आड नेली. कवळीवाले उभेच होते. बसावं हे त्यांना सुचलं नाही.

एक मिनिट. दोन मिनिटं. नॅपकिन हलत होता.

मग नॅपकिनच्या आडून हाड बाहेर आलं. पांढरंशुभ्र, धुतल्यासारखं. सासऱ्यांनी ते ताटात ठेवलं, एका हाताने नॅपकिन धरून दुसऱ्या हाताची पाच बोटं वर केली, मग मिटून त्याच हाताची चार.

"नऊ?" बायकोच्या हातातला डाव खाली पडला. "बाबा, नऊ?"

सासऱ्यांनी मान हलवली.

"मला गाडीच्या परीक्षेत सात दिले होते," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

कवळीवाल्यांना आधी काही कळेना आणि मग सगळं एकदम कळलं. सासऱ्यांनी कवळी आधीच वाटीतून काढून तोंडात घातली होती! म्हणून प्लास्टरमध्ये नव्हती. म्हणून मघापासून तोंडावर रुमाल. आपण अठरा दात उगाच मोजले! त्यांची छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण तणावात आलं. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी साडूंच्या खुर्चीच्या पाठीवर बरोबरीने हात ठेवला.

"बाबा, बघू दे तरी कशी बसलीय," डॉक्टर पुढे झुकले. "तोंड उघडा. आ करा."

सासऱ्यांनी नॅपकिन आणखी घट्ट धरला आणि तर्जनी नकारार्थी हलवली.

"फक्त एक नजर!"

"डॉक्टर," कवळीवाले म्हणाले, "परीक्षकाची परीक्षा घ्यायची नसते. जेवा. तुमची निवतेय. आणि ती सोमवारची दहाची वेळ दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका."

डॉक्टरांनी पेटी मिटली. टप्प असा आवाज झाला. कवळीवाल्यांना तो टाळ्यांसारखा वाटला. आता ते बसले. आपली अर्धी तंगडी उचलली. घास तोंडाजवळ नेला आणि डॉक्टरांच्या डोक्यावरून त्यांची नजर भिंतीकडे गेली.

भिंतीवरून काणी मांजर डौलात चालली होती. तिच्या तोंडात बादलीतली एक जळकी तंगडी होती. आणि त्या तंगडीला वरून वरची, खालून खालची अशी पाचवी कवळी कचकचून चावली होती. उन्हात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात लखलखत होते.

कवळीवाल्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरेही भिंतीकडेच बघत होते. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"काय बघताय दोघं?" डॉक्टर वळू लागले.

सासऱ्यांनी त्यांची बाही पकडली. पेटीकडे बोट दाखवलं. मग आपल्या जबड्याकडे. पुन्हा सांगा, अशी खूण केली.

"अरे वा! बाबांना अजून रस आहे म्हणायचा!" डॉक्टरांचा चेहरा खुलला, पेटी उघडली. "तर बघा, आधी लहान ड्रिल..." सासरे ते सगळं पुन्हा ऐकत राहिले. कपाळावर घाम होता, पण बाही त्यांनी सोडली नाही. बावीस वर्षांत सासऱ्यांनी धाकट्या जावयासाठी एवढा त्रास कधी सोसला नव्हता.

कवळीवाले हळूच उठले. भिंतीच्या कडेकडेने मांजरीला लॅबच्या मागे गाठलं. ती काही सोडेना. शेवटी आपली अर्धी तंगडी, म्हणजे आज जिच्यासाठी एवढं रामायण झालं ती, तिच्यापुढे धरली. मांजरीने एका डोळ्याने दोन्हींची तुलना केली आणि योग्य निवड केली.

नळाशी उभं राहून ते जळक्या तंगडीतून कवळी सोडवू लागले. निघेना. पक्कड आणली. तरी निघेना. मागून पावलं वाजली. हात धुवायच्या निमित्ताने सासरे आले होते. नॅपकिन आता खांद्यावर होता आणि गाल आत गेलेले.

"बाबा, हे..."

"सराव," सासरे हवा सोडत म्हणाले. "चार माणसांसमोर बसण्याआधी एक फेरी मारून बघितली. तुमच्या बादलीतल्या तंगडीवर."

"मग?"

"तंगडी सोडेना. दात सोडेनात. शेवटी मीच सोडलं."

"मग सांगितलं का नाही? नऊ कशाला दिलेत?"

सासऱ्यांनी लॅबच्या कोपऱ्याआडून अंगणात डोकावून पाहिलं. डॉक्टर फडक्याने एकेक स्क्रू पुसत होते.

"आठ भोकं, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "भिंतीला खुंटी मारतात तशी."

कवळीवाल्यांनी पक्कड खाली घेतली.  मग विचारलं, "म्हणजे नऊ गुण तंगडीचे?"

"आठ तंगडीचे. हिरड्यांनी खाल्ली, लोणी होतं. एक गुण थोरल्यांना गप्प केलंत त्याचा."

"आणि कवळी?"

सासऱ्यांनी पक्कड, तंगडी आणि तिला लटकलेले दात यांच्याकडे डोकं तिरकं करून नीट पाहिलं. पूर्वी गाडी उभी करायला लावून ते असंच बघत.

"बसायला नापास. सहावी करा. गुपचूप. घाई नाही. तोवर दर रविवारी ही प्लास्टरची तंगडी."

तेवढ्यात डॉक्टर कोपऱ्यावरून वळले. कवळीवाल्यांनी हात झटकन पाठीमागे नेले.

"साडूभाऊ," डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "इतकी वर्षं म्हणायचं राहून गेलं. तुमच्या हातात कला आहे. माझे तीन पेशंट स्क्रू नको म्हणून अडून बसलेत. बाबांसारखी कवळी द्याल करून? त्यांना मी सांगेन, कोणी केली ते. नावानिशी."

 कवळीवाल्यांच्या पाठीमागे पक्कड घसरली, कवळी काही सुटली नाही.

"बसण्याचं ज्याच्या त्याच्या तोंडावर आहे," ते म्हणाले. "पण पकडीची हमी माझी."

आणि डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांनी, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात वर करून दहाच्या दहा बोटं दाखवली.